रामकिसन वॉल्व्हवाल्याची पोरं

यवतमाळ
५ जानेवारी २०२५

प्रिय प्रणय,
सप्रेम जयभीम.

पाकीट बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. मुद्दाम पत्र लिहितेय, कारण तुझ्याशी फोनवर बोलण्यात अर्थ उरलेला नाही. गेल्या रविवारी तू मला इतकं हसवलंस की शेजारच्या खोलीतून रूपा धावत आली, आईला काय झालं म्हणून. फोन ठेवला, कुकर लावला, आणि पहिली शिट्टी व्हायच्या आत ध्यानात आलं की मी अण्णांबद्दल विचारलं होतं आणि तू काहीच सांगितलं नव्हतंस. दर वेळी हेच होतं.

आई जाऊन आता वर्ष होईल. तेव्हापासून मी घरी आले नाही हे तुला खुपतं, मला माहीत आहे. इथं हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्येसुद्धा दाराबाहेर चप्पल वाजली की मी हातातलं काम टाकून पलंगाकडं बघते. येणारा माझा नवरा असतो, हातात भाजीची पिशवी असते, तरी बघते. तिथं आले तर काय होईल?

पत्रात तुला माझं हसू ऐकू येणार नाही, म्हणून कदाचित खरं लिहिशील. अण्णा पितात का? जेवतात का? आणि तू त्यांच्यासोबत त्या घरात एकटा कसा राहतोस?

तुझी,
करुणाताई


छत्रपती संभाजीनगर
१९ जानेवारी २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

पोस्टमन आला तशी सगळ्या मिलिंदनगरात खळबळ उडाली. आपल्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या द्वारकाबाई डोकावून म्हणल्या, "कोर्टाचं हाय का बँकेचं?" मी म्हणलं, बहिणीचं. तर म्हणल्या, "मंग लईच गंभीर दिसतंय."

तुला खरं पाहिजे ना? घे. अण्णांनी दारू सोडली. आई गेल्यावर कमी कमी करत आणली आणि दिवाळीपासून थेंब नाय. मी बाटल्यांच्या सगळ्या जुन्या जागा हुडकल्या, पिठाच्या डब्यापासून मोरीच्या पत्र्यापर्यंत. काही नाय.

आता सुधारलेला बाप कसा असतो ते ऐक. पहिलं म्हणजे पोट सुटलंय. जेवण चिमणीएवढं आणि पोट सरपंचासारखं. पँटचं बटण लागत नाय म्हणून लुंगीवर आलेत. मी म्हणलं, "अण्णा, आयुष्यभर गल्लीला पाणी सोडलं, आता सोताच टाकी झालात." ते बी हसले. रंग असा उजळलाय की हळद लागल्यासारखा. द्वारकाबाई विचारतात, बापाचं दुसरं लग्न जमवलं का काय! त्यांची चप्पल त्यांना बसत नाय, म्हणून माझी घालून फिरतात. लेकाच्या चपलेत पाय घालणारा हा मिलिंदनगरातला पहिला बाप. दुपारभर घोरतात. परवा उठले अन् मला "भामा" म्हणून हाक मारली. मी आईसारखं "ओ, आले" म्हणलं अन् च्या करून दिला. कप धरला तर हात असा हलला की निम्मा च्या बशीत. म्हणले, "भूकंप झाला का रे?"

दुसरी बातमी. मी आता दर रविवारी सिडकोत एका कॅफेच्या गच्चीवर माईक धरून लोकांना हसवतो. आठवडाभर चितेगावला कंपनीत प्लास्टिकच्या झाकणांशी बोलायचं, रविवारी माणसांशी. विषय एकच, रामकिसन वॉल्व्हवाला. सुरुवात अशी करतो: "आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, आणि ते सोडायची कमरेएवढी लोखंडी चावी ज्याच्या हातात, तो गल्लीचा राजा. तो राजा माझा बाप. सगळ्या गल्लीला पाणी पाजायचा, सोता मात्र बिनपाण्याची घ्यायचा." एवढ्यावरच पोरं टेबलं बडवतात.

तर असं हाय. काळजी करू नको. घर आता एकदम शांत झालंय.

तुझा,
प्रणय


यवतमाळ
२८ जानेवारी २०२५

प्रिय प्रणय,

परवा मी फोनवर तुझ्यावर ओरडले. त्याच दुपारी तू अण्णांना घाटी हॉस्पिटलात भरती केलंस हे बरं केलंस.

तुझं पत्र मी वॉर्डात चहाच्या वेळी उघडलं. द्वारकाबाईंपाशी हसले, टाकीपाशीही हसले. हळदीपाशी आले आणि चहा तसाच राहिला. मी रोज अशी माणसं बघते रे. तू मला विनोद लिहून पाठवलेस आणि मी एकेक लक्षण वाचत गेले. पोट सुटलेलं नाही, पोटात पाणी झालंय. हळद म्हणजे कावीळ. चप्पल बसत नाही, कारण पाय सुजलेत. हात थरथरणं, दिवसाची झोप, तुला आईच्या नावानं हाक मारणं, हे सगळं लिव्हर निकामी झाल्यावर होतं. त्यांनी दारू सोडली नाही, प्रणय. त्यांच्या शरीराला ती पेलेनाशी झाली. तू रोज त्यांच्याजवळ बसून हे बघत होतास आणि मला हसवत होतास.

आणखी एक लिहायचं आहे. काल ड्युटी संपताना आमच्या वॉर्डातल्या विशाखानं फोनवरचा एक व्हिडिओ पुढं केला. म्हणाली, "सिस्टर, तुमच्याकडचा पोरगा आहे बघा, काय हसवतो!" तू माझा भाऊ आहेस हे तिला माहीत नाही. सगळ्या भोवती गोळा झाल्या. माईक धरून तू उभा होतास, माझ्या लग्नातला निळा शर्ट घालून. म्हणालास, "एकदा बाप टाइट होऊन पडला, मग आमच्या आईनंच चावी उचलली अन् वॉल्व्ह फिरवला. सगळ्या गल्लीला पाणी आलं, बापाला आला राग. म्हणला, चावी दे. आई म्हणाली, हातात हाय की. मग बापानं घेतली. हातासकट."

सगळ्या हसल्या. मी औषधांच्या कपाटाकडं तोंड करून उभी राहिले.

ती उन्हाळ्यातली दुपार तुला आठवते ना? बाया हंडे घेऊन दारात भांडत होत्या. अण्णांची नोकरी जाऊ नये म्हणून आई उन्हात गेली आणि पाणी सोडून आली. बायकोनं माझं काम केलं, गल्लीनं बघितलं, एवढ्यासाठी त्यांनी तीच चावी तिच्या मनगटावर घातली. ती सगळ्यांना सांगत राहिली की मोरीत पाय घसरला. मरेपर्यंत तिला त्या हातानं भाकरी नीट थापता आली नाही. आणि तू तिकिटं लावून ते लोकांना सांगतोस.

अण्णांच्या औषधांचं रोज कळव. मी येणार नाही.

करुणा


छत्रपती संभाजीनगर
४ फेब्रुवारी २०२५

ताई,
जयभीम.

हे घाटीतल्या वॉर्डाबाहेर बाकावर बसून लिहितोय. डॉक्टरांनी सुई लावून पोटातलं पाणी काढलं. दोन दिवस बरं वाटतं, परत भरतं. कधी मला ओळखतात, कधी नाय. जेवण मी भरवतो. कंपनीतून सुट्टी घेतलीय. तुला हे असंच कोरडं पाहिजे होतं ना? घे.

तू लिहिलंस की मी बघत होतो अन् हसवत होतो. मी दुसरं काय करायचं होतं ते सांग. तू एकोणिसाव्या वर्षी नर्सिंगला गेलीस अन् तिकडचीच झालीस. त्याचा राग नाय मला. पण त्या घरात मी, आई आणि अण्णा उरलो. संध्याकाळी कडी वाजली की आई माझ्याकडं बघायची. मी कायतरी बोलायचो अन् ती हसायची. तिचा तेवढा घास खाली उतरायचा.

आणि विनोद माझा नाय, ताई. तुझा हाय. पलंगाखाली आपण बसायचो तेव्हा कॉमेंट्री कोण करायचं? "रामकिसन दारापाशी आलेले आहेत, कडी काही सापडत नाही, प्रेक्षक श्वास रोखून बसले आहेत." मी पाच वर्षांचा होतो. हसून हसून माझी चड्डी ओली व्हायची.

त्या दुपारी बी आपण पलंगाखालीच होतो. आई ओट्याला टेकून बसलेली, हात मांडीवर धरून. अण्णा मधोमध उभे. अन् तू माझ्या कानात म्हणलीस, "घेतली बघ, हातासकट." मी मोठ्यानं हसलो.

ते वाक्य तुझं हाय. मी फक्त माईकवर म्हणलं.

प्रणय


यवतमाळ
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रणय,

हो, वाक्य माझं आहे. तू विसरला असशील असं वाटत होतं.

पण मी ते का बोलले हे तुला माहीत नाही, कारण तू लहान होतास. तुला हसायला आवडायचं म्हणून मी ती कॉमेंट्री करत नव्हते. अण्णा प्यायलेले असले आणि कुणी रडलं, की ते त्या आवाजाकडं वळायचे. "काय मेलं का हितं कुणी?" म्हणत यायचे. आई रडली की आईकडं, तू रडलास की तुझ्याकडं. एकदा तू खेळता खेळता पडून हसत सुटलास, तेव्हा मी बघितलं की ते थांबले. "पोरं खुशीत हायत," म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले. पुन्हा एकदा तसंच झालं. मग मी शिकले. दारात त्यांची चप्पल वाजली की मी तुला पलंगाखाली ओढायची आणि बोलायला लागायची.

त्या दुपारी तुझा ओठ थरथरायला लागला होता. आता हा भोकाड पसरणार हे मला दिसलं. आणि चावी अजून त्यांच्या हातात होती. तोंडाला जे आलं ते मी बोलले. तू हसलास. ते पलंगाकडं बघत राहिले, मग चावी कोपऱ्यात टेकवली आणि बाहेर गेले.

नंतर आईनं मला डाव्या हातानं जवळ घेतलं.

तू तेव्हा वाचलास, म्हणून त्या वाक्याची मला लाज नाही. पण आज अण्णा खाटेवर पडून आहेत. त्यांच्या हातात काही नाही. आता त्या वाक्यावर कुणी हसू नये असं मला वाटतं. एवढंच.

इथं रजा मागितली तर मिळेल. मी अजून मागितलेली नाही.

ताई


छत्रपती संभाजीनगर
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

तुझं पत्र बाकावर बसून वाचलं आणि परत वाचलं. मला वाटायचं आपण मजा करायचो.

काल दुपारी जे झालं ते सांगतो. शेजारच्या खाटेवर पैठणकडचे एक सांडू नावाचे म्हातारे आहेत. त्यांच्या नातवानं फोनवर व्हिडिओ लावला अन् आजोबाला दाखवायला लागला. आवाज मी लगेच ओळखला. माझाच होता. बंद कर म्हणायला उठलो, तोवर चारी बाजूच्या खाटांवरचे लोक ऐकायला लागले होते. नर्सबाई बी थांबल्या. ज्यांना बसता येत नाय ते पडल्या पडल्या हसत होते.

अण्णा बी ऐकत होते. बिनपाण्याची म्हणलं तिथं ते हसले, ताई. लई दिवसांनी असे हसले, खोकला येईपर्यंत. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं.

मग आईचं आलं. हातासकट म्हणलं, वॉर्ड हसला. अण्णा नाय हसले. माझ्याकडं बघून विचारलं, "त्या बाईचा हात बरा झाला का मंग?"

स्टेजवर त्याच्यापुढचं वाक्य असं हाय: "हात बरा झाला, पण वॉल्व्हसारखा एकाच बाजूला फिरायचा." माझ्या तोंडून तेच गेलं. सवयीनं. सांडूबाबा परत हसले.

अण्णांनी परत विचारलं. "झाला का नाय बरा?"

मी म्हणलं, "नाय झाला."

"मंग हसताय कशाला?"

वॉर्डातलं हसू आपोआप थांबलं. मग त्यांनी माझा हात ओढून घेतला अन् अंगठ्यानं मनगटावर चाचपत गेले, अंगठ्याच्या बाजूनं थोडं वर, जिथं आईचं हाड बाहेर दिसायचं. नेमक्या त्या जागी दाबलं. "हितं ना?" म्हणले.

मी व्हय म्हणलं. त्यांनी हात सोडला नाय. तसेच झोपी गेले.

तू नर्स हायेस. मला सांग, असं झालेल्या माणसाला आठवतं का? का ते नुसतंच बडबडत होते? डॉक्टर म्हणतात, आता काय बोलतील त्याचा भरवसा नाय. पण त्यांनी जागा बरोबर दाखवली, ताई.

तू ये. मी तुला हसवणार नाय.

प्रणय


यवतमाळ
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रणय,

तुझं पत्र आत्ता मिळालं. संध्याकाळच्या बसनं निघतेय. हे पत्र तुझ्या हातात पडायच्या आत मी पोचेन, तरी लिहितेय, कारण समोर आल्यावर मला हे बोलता येणार नाही.

तू विचारलंस, आठवतं का. मला माहीत नाही. अशा पेशंटना आजचा वार सांगता येत नाही आणि चाळीस वर्षांपूर्वीचं काहीतरी अचानक लख्ख सांगतात. यापलीकडं मला काही येत नाही. त्यांना आठवत होतं असं धरलं, तर आई असताना ते एकदाही का बोलले नाहीत, हा विचार मला झोपू देणार नाही. आणि आठवत नव्हतं असं धरलं, तर ते सगळं फक्त आपणच वागवलं.

मी लेक म्हणून येत नाहीये, ते मला जमेल असं वाटत नाही. नर्स म्हणून येतेय. त्यांचं अंग पुसेन, कूस बदलून देईन. मला रडायला सांगू नकोस.

ताई


छत्रपती संभाजीनगर
२३ मार्च २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तू परत गेलीस त्याला महिना होत आला. तुझं ते शेवटचं पत्र तू इथं असतानाच आलं होतं. मी दाखवलं नाय. तू त्यांची नखं कापत होतीस.

त्यांनी तुला ओळखलं का, हे तू मला जाताना विचारलंस. ओळखलं नाय, ताई. तू पाठ पुसत होतीस तेव्हा ते म्हणले, "सिस्टर, तुमचा हात हलका हाय." तुला ऐकू गेलं का नाय माहीत नाय, म्हणून लिहिलं.

एक गोष्ट कुणाला बोललो नाय. अण्णा गेले त्या दिवशी आपण त्यांना घरी आणलं, समोरच्या खोलीत ठेवलं. भंतेजी यायचे होते, बाया बसल्या होत्या. तू कोपऱ्यात गप होतीस अन् एकदम मोठ्यानं रडायला लागलीस. मी तुला असं रडताना कधी ऐकलं नव्हतं. आणि मी काय केलं माहीत हाय? मी दाराकडं बघितलं. आता अण्णा ऐकतील अन् येतील म्हणून. ते माझ्यापुढं फुलं घालून पडलेले होते अन् मी दाराकडं बघत होतो. अजून बी संध्याकाळी बघतो. कडी वाजली असं वाटतं. उठून जातो तर कुणी नसतं.

गेल्या रविवारी कॅफेवाल्याचा फोन आला, "भाई, पब्लिक पूछ रही है." गेलो. चावीपर्यंत नेहमीसारखं आलो. हातासकट म्हणायच्या जागी थांबलो. म्हणलं, "मनगट मोडलं. ते बरं झालं नाय." लोकांना वाटलं पुढं कायतरी येतंय. ते वाट बघत राहिले. एक पोरगी उगाच हसली अन् तिचीच तिला लाज वाटली. मी माईक ठेवला अन् जिना उतरलो. परत जाईन का माहीत नाय. दुसरं मला येत नाय, त्यामुळं जाईन बी. पण ते वाक्य आता जिभेवर येत नाय.

घरी आलो. ऊन उतरलं होतं, दार उघडंच होतं. ओट्यापाशी पाणी प्यायला गेलो अन् तिथंच खाली बसलो. मग मला रडू आलं, ताई. आवाज काढून. थांबवायचा प्रयत्न केला तर आणखीच आलं.

द्वारकाबाई आल्या. त्यांना वाटलं बापाच्या आठवणीनं रडतोय. पाठीवरनं हात फिरवत बसल्या. मग म्हणल्या, "रड बाबा. तुझा आवाज असा कधी आला नव्हता त्या भिंतीतून."

मी विचारलं, "मावशी, तुम्हाला आमच्या घरातलं ऐकू यायचं का?"

"यायचं की. इटांची भिंत ती. तुझ्या बापाचा आवाज चढला की आमच्या घरातले म्हणायचे, जा, बघून ये. मी उठायची बी. कडीला हात लागायचा." त्यांचा हात माझ्या पाठीवरच होता. "पण तेवढ्यात तुम्ही पोरं हसायची. खदखदून हसायची. मग मला वाटायचं, पोरं हसतात म्हणजे काही नाय. मी परत बसायची."

तुझा,
प्रणय